बारीक जेट

...पुन्हा काळाच. नुसता काळा नाही, ओलसर, काजळीत तेल कालवल्यासारखा. मंदाबाईंनी प्लग पदराच्या टोकानं पुसला, पदराला डाग पडला, पडू दे, आणि शेडच्या दाराशी उजेडात धरला. नातीच्या, डिंपलच्या, शर्यतीच्या मोटारसायकलचा एवढासा प्लग, पण बोटांना जड लागत होता. गेल्या खेपेला त्यांनी सगळं मुलावर, नीलेशवर ढकललं होतं: केळीवर करपा आला की फवारणीच्या पंपात पेट्रोलबरोबर हात सैल सोडून ऑइल ओततोस, तसंच पोरीच्या गाडीत ओतलंस, शिकून काय दिवे लावलेस. नीलेश गप्प बसला होता. बाप झाला तरी आईपुढे गप्प बसतो, हे त्यांना आवडतं... असो. या खेपेला ऑइल त्यांनी स्वतः मापलं होतं, खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं. थेंब इकडचा तिकडे नाही.

आणि तरी काळा.

म्हणजे दोष ऑइलचा नव्हताच. पूर्ण रेस दिली की काजळी जळून जाते, प्लग विटकरी निघतो. भित्र्या हातानं, रेसची मूठ सोडत सोडत चालवलं की इंजिन आतल्या आत घुसमटतं. मला कोणी शिकवू नये. माझे मालक वारले तेव्हा रावेरच्या मळ्यात पंप पाठीवर घेऊन कोण फिरलं? मीच ना... धुळ्याच्या मागच्या शर्यतीत एक मुलगा मातीच्या उंचवट्यावरून उडताना गाडीसकट आडवा कोसळला, डिंपलच्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून मोकळ्या रानात तिचा सराव चालला की गाडीचा आवाज केळीवरून चढत चढत यायचा आणि तिथल्या उंचवट्यापाशी नेमका खाली बसायचा. मंदाबाईंनी तो ऐकला होता. रोज ऐकला होता. गियर बदलत असेल, असं स्वतःला सांगितलं होतं.

त्यांची नात भिते, हे वाक्य त्यांच्या डोक्यात बसायलाच तयार नव्हतं. मेहरूणची नणंद म्हणाली, पोरीची जात, हातपाय मोडले तर करायचं कोणी? तेव्हा त्यांनी भरल्या पंगतीत सुनावलं होतं, तुझी नात पोळ्या लाटते, माझी उडते. नणंद जेवण टाकून उठली होती.

आणि नीलेशनं दोष मशीनमध्ये शोधला. सकाळपासून कार्ब्युरेटर उघडून बसला होता. पेट्रोल जातं ती पितळी जेट काढून त्यानं बारीक भोकाची घातली. पेट्रोल कमी, काजळी कमी. हिशेब बरोबर. पण ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं, तेही कमीच येणार, आणि पूर्ण रेसवर पिस्टन कोरडा... उखर्डू सालदारानं एकदा पेट्रोल वाचवायला पंपाचा स्क्रू असाच आवळला होता. कोरडा पडून पंप पाठीवरच गच्च धरला, जागीच बंद पडला. उखर्डू शिव्या देत बांधावर बसला, बिडी पेटवली. पाठीवरचा पंप धरला तर माणूस बांधावर बसतो. हवेत असलेली पोर कुठे बसेल?

भीत राहिली तर काही होणार नाही. नुसती हरेल. एकदा धीर केला, तर... आणि धीर धर म्हणून रोज टोचणारी कोण? मीच.

नीलेशला सांगायला हवं. जुनी जेट घाल. तो विचारणार, माय, मग प्लग काळा का पडतो? आणि याचं उत्तर समोरच चेन घासत बसलं होतं, मान खाली, ब्रशच्या तालावर खांदे हलवत.

नीलेश पेट्रोलचा कॅन आणायला बाहेर गेला तशी डिंपल जवळ आली. तिनं आजीच्या हातातल्या प्लगकडे पाहिलं. पोर हुशार, तिला प्लगचा रंग वाचता येत होता.

"आजी, पप्पाले नको सांगजो." मग आणखी हळू, "उद्या शर्यतीत मी मूठ नाई सोडनार. तुही आन."

माझी आण. उभ्या गावाला तोंडावर बोलणारी मी... सोड गं बाई, सोड मूठ, हरून ये, एवढंच म्हणायचं होतं. एवढंच त्यांना कधी कोणाला म्हणता आलं नव्हतं.

नीलेश कॅन घेऊन परत आला, त्यानं आईच्या हातातला प्लग घेतला, घासला, बसवला, किक मारली. आवाज खरंच मोकळा आला, पातळ, चढा, पत्र्याला थरकवणारा.

"माय, आयक. कसा झाला आता?"

डिंपल आजीकडे बघत होती.

"चांगला झाला," मंदाबाई म्हणाल्या.

टोमणा नाही, खोड नाही. एवढं गोड त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्यांचं त्यांनाच ते परक्या बाईचं वाटलं. नीलेश लहान मुलासारखा हसला, पुन्हा रेस दिली, आणि आजवर सगळ्या घराला ऐकू जाणाऱ्या आवाजाच्या मंदाबाई, जुनी जेट घाल, एवढंच त्या गोंगाटाखाली स्वतःशी पुटपुटत राहिल्या.