बंडप्पाची चिमूट

हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. सत्याऐंशीच्या दुष्काळात मी ढोकीला साखर कारखान्याचं वाचनालय सांभाळत होतो. शेजारी बंडप्पा राहायचा. कारखान्यात पाक शिजवणं हे त्याचं काम. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घ्यायचा, अंगठा आणि तर्जनीत चोळायचा आणि दाणा किती वाढला ते सांगायचं. सगळी नोकरी त्या दोन बोटांवर.

त्याच्या उजव्या हाताला कोपराखाली सुपारीएवढी गाठ आली. एरवी दुखत नसे. पण टिचकी मारली की अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत विजेचा झटका बसे. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, "नसेवरची गाठ दिसते. सोलापूरला जाऊन सोनोग्राफीत आत बघितल्याशिवाय कुणाला सुरी लावू देऊ नका."

"मास्तर, तुमी चला संगं. तुमाला पुस्तकातलं कळतं," बंडप्पा म्हणाला.

कळत काय होतं? पुस्तकात शोधून मी आधीच घाबरून बसलो होतो.

सोलापुरात सोनोग्राफीचं यंत्र नवंच आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हातावर गार, बुळबुळीत मलम चोपडलं.

"पाक लई पातळ राहिलाय, बाई," बंडप्पा म्हणाला.

"गप पडा की. हितं काय तुमचा कारखाना हाय?" त्याची बायको नीलम्मा पुटपुटली.

पडद्यावर करड्या ठिपक्यांत एक काळपट, लांबट आकार उमटला. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. "ही नस. वरून येते, गाठीच्या कडेनं जाते, खालून बाहेर पडते. गाठीची कड स्वच्छ आहे, आजूबाजूला कुठं घुसलेली नाही. साधी वाटते. पण नुसत्या चित्रावरून मी शब्द देणार नाही. काढून तपासावी लागेल."

"आन् बोटं?" बंडप्पानं विचारलं.

"नस गाठीच्या पोटातून गेली असती तर अवघड होतं. ही बाजूला आहे. गाठ सोलून काढता येईल. तरी थोडी बधिरता राहू शकते."

बंडप्पा माझ्याकडे वळला. "काय करू, मास्तर?"

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. शेवटी नीलम्माच म्हणाली, "औंदा ऊस न्हाय, कारखाना बंद. घरी बसून टिचक्याच मारणार न्हवं? टाका काढून."

गाठ काढली. तपासणीत साधीच निघाली. पट्टी सुटली त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो.

"डोळे मिटा," नीलम्मानं नवऱ्याला सांगितलं आणि त्याच्या चिमटीत साखर ठेवली.

तो चोळत राहिला. बराच वेळ. मी जमिनीकडे बघत होतो.

"आपली न्हाय ही," तो म्हणाला. "दाणा बारीक-मोठा झालाय. कुणी शिजवली?"

"रेशनची हाय," म्हणत नीलम्मानं पदर डोळ्यांना लावला.

"मधलं बोट अजून झोपलंय."

"झोपू द्या. त्याला काय काम हाय?"

बंडप्पा हसला आणि ती साखर माझ्या बोटांत देत म्हणाला, "बगा मास्तर, कळतंय का?"

मी चोळून पाहिलं. मला नुसतीच साखर लागली.