बावीस तास

चार वर्षांपूर्वी एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि हिमानीचं जेवणच सुटलं. दोन घासांत पोट गच्च व्हायचं. सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा उलटून पडायचा. एंडोस्कोपी झाली, स्कॅन झाले, सगळं नॉर्मल. अमेरिकेत, त्यांच्या चँडलर गावच्या मराठी मंडळातल्या वसुधाकाकू स्वतः रिटायर्ड डॉक्टर. त्या म्हणाल्या, "मनाचं आहे गं. घरात दिवसभर एकटी असतेस ना!"

तिचा नवरा नकुल, चिप कंपनीतला इंजिनिअर. त्याला ते पटलं. ताट वाढून तो समोर बसायचा. "खायचंच नाही असं ठरवलंयस तू!" भांडणाशिवाय एक जेवण पार पडत नव्हतं.

म्हणून पोटाच्या तज्ज्ञ डॉ. नीनांनी सेन्सर असलेली कॅप्सूल गिळायला दिली, तेव्हा हिमानीने मनोमन हात जोडले. काहीतरी सापडू दे.

आठवड्याने डॉ. नीनांनी स्क्रीन हिमानी आणि नकुलकडे वळवली. "ही कॅप्सूल जठरातून पाच तासांत पुढे सरकायला हवी. तुम्हाला बावीस तास लागले. जठराचे स्नायू जवळजवळ थांबलेत."

हिमानीला रडू फुटलं, ते आनंदानं. "ऐकलंस?" ती नकुलला म्हणाली. त्याची मान खाली गेली होती.

"मग आता औषध कुठलं?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"एक देऊन झालं, त्यानं तुमचे हात थरथरायला लागले. दुसरं तुमच्या हृदयाला झेपणार नाही." डॉ. नीनांनी तिच्या वजनाची नोंद उघडली. "वजन असंच उतरत राहिलं, तर अन्न देण्यासाठी थेट आतड्यात नळी घालावी लागेल."

"पण कधीतरी बरं होईल ना?"

"काहींचं होतं. चार वर्षांनंतर... फार कमी."

जुलैत नळी बसली. त्यानंतर नकुलने तिला एकदाही 'खा' म्हटलं नाही. तो ऑफिसातच जेवून यायचा; सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये उभ्यानं काहीतरी खायचा. एका रविवारी दुपारी ती गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आत बस ना. इथे किती उकडतंय."

"तुझ्यासमोर घास उतरत नाही गं."

"मग आग्रह कर मला. ओरड. पूर्वी ओरडायचास, तेव्हा वाटायचं, मी बरी होईन असं निदान तुला तरी वाटतंय."

नकुलने हातातल्या डब्याला झाकण लावलं. "आता कसा ओरडू? मला माहितीये ना."

तिच्या खांद्यावरच्या पिशवीतला, नळीला जोडलेला पंप वाजायला लागला. पातळ अन्नाचं पॅकेट संपलं होतं. नकुलने डबा खाली ठेवला, हात धुतले आणि नवीन पॅकेट आणायला आत गेला.