माझं तोंड भिंतीकडे आहे

दचकू नका, मी जनरेटर बोलतोय. एरवी मी तोंड उघडलं की लोक खिडक्या लावून घेतात. आत्ता वीज आहे आणि मी बंद आहे, म्हणून हळू आवाजात सांगता येईल.

कारखान्यातून मी एका दुकानात आलो आणि बरेच दिवस पंख्यांच्या खोक्यांशेजारी बसून राहिलो. मग एक कुटुंब आलं. वडील मला पेट्रोल किती लागतं ते विचारत होते. आई कान देऊन माझा आवाज ऐकत होती.

"एवढा ओरडणारा घरात नको," आई म्हणाली.

"खरंय, एक आहे तेवढं पुरे," वडील पुटपुटले. मुलीने हसू दाबलं.

"ताई, हा घरात ठेवायचाच नसतो," दुकानदार म्हणाला. "धूर वाईट असतो. बाहेर मोकळ्यावर ठेवा."

त्यांनी मला मागच्या बोळात ठेवलं. धूर घरात येऊ नये म्हणून माझं तोंड कुंपणाच्या भिंतीकडे केलं. भिंतीपलीकडे लगेच एक खिडकी आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या खिडकीशी शेजारच्या काकू शिवणकाम करतात. त्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागतं आणि ते थंड ठेवावं लागतं. मी आल्यावर आईच त्यांना म्हणाली, "काकू, तुमचं औषध आमच्या फ्रिजमध्ये ठेवत जा. आता वीज गेली तरी काळजी नाही." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पण वीज गेली की मी दोन कामं एकदम करायचो. काकूंचं औषध थंड ठेवायचो आणि त्यांच्याच खोलीत धूर सोडायचो. आधी खोकला ऐकू यायचा, मग खिडकी लागायची. भर उन्हाळ्यात, पंखा बंद असताना, त्या आत कशा बसत असतील?

एकदा मुलीने विचारलं, "काकू, धुराचा त्रास होतो का हो?"

"छे गं. डोळ्यांत पाणी येतं ते वयामुळे."

मला तिथेच थांबावंसं वाटलं. पण माझं बटण माझ्या हातात नसतं.

मग एक दिवस काकू पिशवी घेऊन आल्या आणि औषध काढून घेऊ लागल्या. "भाचीकडे ठेवते आता."

"का हो? आमचं काही चुकलं का?" आईने विचारलं.

काकूंनी आधी पिशवीला नीट गाठ मारली. "औषध तुमच्याकडे होतं, तोवर बोलायला जीभ रेटत नव्हती. आता बोलते. धूर माझ्या घरात येतो, बाई. मला दम लागतो."

वडील जमिनीकडे बघत म्हणाले, "हलवतो की. येत्या रविवारी."

कितीतरी रविवार झाले. काकू रोज औषधासाठी भाचीच्या घरापर्यंत पायपीट करतात. आई त्यांना फाटकातून हाक मारते, "काकू, औषध परत आणा ना. जागा तशीच ठेवलीय." त्या हसतात आणि चालू लागतात. वीज गेली की मी अजून त्याच भिंतीवर धूर ओकतो.

घरच्यांनो, मला चाकं आहेत, ढकलायला एक माणूस पुरे. आधी मला मोकळ्यावर न्या, काकूंना हाक त्यानंतर मारा. औषध आधी फ्रिजमध्ये आलं, तर त्या पुन्हा गप्प बसतील.