मेपलच्या काठीवर आलेला आळ

मित्रांनो, पायवाट जिथे सुरू होते तिथल्या लाकडी फलकाला नेहमी चार-दोन काठ्या टेकून उभ्या असतात. त्यांतली सर्वांत जुनी, मधोमध किंचित वाकलेली आणि सध्या भयंकर रागावलेली काठी म्हणजे मी. राग का आला ते सांगते. त्या निमित्ताने माझं सगळं आयुष्यच सांगून होईल.

जन्म माझा या खोऱ्यातलाच, पण ही पायवाट ज्यातून जाते त्या राष्ट्रीय उद्यानातला नव्हे. उद्यानातली फांदी कुणी तोडायची नसते, आणि मला घडवणारा आर्विड शिस्तीचा माणूस होता. जन्मभर त्याने लाकूडतोडीची कामं केली, पण उद्यानाच्या हद्दीतली काडीसुद्धा त्याने घरी आणली नाही. त्याच्या परसात मेपलची झुडपं माजली होती. त्यांतली एक बरीशी फांदी कापून त्याने ती हिवाळाभर शेगडीमागे वाळवली, साल सोलली, जवसाचं तेल चोळलं आणि खाली रबराचं बूड बसवलं.

"घे इंगा," तो बायकोला म्हणाला, "माझ्यापेक्षा कमी बोलते, आणि तू म्हणशील तिथे येते."

"म्हणजे तुझ्यापेक्षा सगळ्याच बाबतींत बरी," इंगा म्हणाली.

इंगा शाळेची बस चालवायची. आठवडाभर पोरांचा कलकलाट ऐकून तिचे कान किटायचे, म्हणून शनिवारी ती मला घेऊन जंगलात यायची आणि दुपार कलली की परत फिरायची. आर्विड गेल्यावरही तिचा हा नेम चुकला नाही. पावसाचं म्हणाल, तर तो पडला म्हणून आमच्याकडे कुणी बेत बदलत नाही. बदलायचा ठरवला तर वर्षातून कितीदा घराबाहेर पडणार? डोक्यावरच्या फांद्यांवरून शेवाळाच्या जटा लोंबत असायच्या, दोन्ही बाजूंना कमरेएवढे नेचे, आणि मध्ये आम्ही दोघी. चिखल किती खोल, कुठलं मूळ निसरडं, पुलाची कुठली फळी कुजलेली, हे आधी मी बघायचे आणि मग इंगा पाऊल टाकायची. आडव्या पडलेल्या एखाद्या स्प्रूस झाडाच्या खोडावर बसून ती धुरावलेला सामन मासा आणि राय धान्याचा पाव खायची, कॉफी प्यायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. वाटेत कुणी भेटलं की म्हणायची, "ही आहे म्हणून मी आहे हो." त्या वेळी मला ते खरंच वाटायचं.

मग तिचा डावा डोळा मंदावला. ही गोष्ट सगळ्यांत आधी मला कळली, कारण डावीकडची प्रत्येक पायरी ती मला टेकवून दोन-दोनदा चाचपू लागली. तिने कुणालाच काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? तिची मुलगी कॅरिन शहरात दातांच्या दवाखान्यात काम करते. मायाळू आहे, पण बोलायला लागली की हुकूमच सोडते. "आई, एकदा जरी पडलीस ना, तर गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे आणि जंगल बंद!" असं तिने बजावून ठेवलं होतं. गाडीशिवाय इथवर यायला दुसरं काहीच नाही. किल्ल्या गेल्या की इंगाचं जंगल संपलं.

गेल्या पानगळीत कॅरिन बरोबर आली होती. लाकडी पुलाच्या टोकाशी आम्ही पोचलो आणि नदीपलीकडे एल्क हरणांचा कळप दिसला. शिंगाळा नर शीळ घालत होता. "आई, बघ, बघ लवकर!" कॅरिन पुढून ओरडली. इंगाने मला चटकन काखोटीला मारलं, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि तशीच पुलावरून खाली पाऊल टाकलं. डावं पाऊल. पायरी तिला दिसलीच नाही.

मित्रांनो, ती पडली तेव्हा मी तिच्या काखेत होते. जमिनीला माझा स्पर्शही झाला नव्हता.

कॅरिन धावत आली. "काय झालं? पायरी दिसली नाही का तुला? खरं सांग!"

इंगा चिखलात बसली होती, मनगट धरून. तिने कॅरिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"न दिसायला काय झालंय? काठी घसरली. बूड झिजलंय मेलीचं."

मेलीचं! इतक्या वर्षांत तिच्या तोंडून माझ्यासाठी असा शब्द निघाला नव्हता. माझं बूड तिने उन्हाळ्यातच नवं बसवलं होतं. पलीकडे एल्क शीळ घालत राहिला आणि सगळं खापर माझ्या माथी फुटलं.

परतल्यावर कॅरिनने मला फलकाला टेकवलं. इथली रीत अशी की फलकाला टेकवलेली काठी सगळ्यांची. ज्याला हवी त्याने न्यावी आणि उतरल्यावर परत ठेवावी. त्यामुळे काठी टाकणाऱ्याला आपण टाकतोय असं वाटतच नाही, दान केल्याचं समाधान मिळतं. "आई, राहू दे हिला इथे. तुला नव्या दुमडत्या काठ्या आणते." इंगा गाडीच्या मागच्या फळीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने मान वर केली नाही. "ठेव," म्हणाली.

आता तुम्हीच सांगा. मी खरोखर घसरणारी असते, तर इंगाने मला परक्या माणसांच्या हाती जाऊ दिलं असतं का? घरी नेऊन शेगडीत घातलं असतं. तिचं खोटं तिथेच उघडं पडलं होतं, पण कॅरिनच्या ते ध्यानात आलं नाही.

तेव्हापासून मी बारा जणांच्या हातांतून फिरते. कुणी माझ्यावर चाकूने नक्षी कोरतं, कुणी माझ्या टोकाने गोगलगायी उचकटतं.

परवा मायलेकी पुन्हा आल्या. इंगाच्या हातात त्या दोन चकचकीत उपटसुंभ काठ्या होत्या. नेमकं तेव्हाच एका लंगडणाऱ्या पाहुण्या बाईंनी मला उचललं.

"अहो, ती नका घेऊ," कॅरिन म्हणाली. "आईला पाडलंय तिने."

बाईंनी मला घाईघाईने खाली ठेवलं. मी इंगाकडे पाहत राहिले. ती आपल्या हातमोज्यांशी चाळा करत होती. मग कॅरिन पुढे गेली तशी ती बाईंच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "न्या तुम्ही. ती कधीच घसरत नाही."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं! जे पोटच्या मुलीला सांगायचं, ते तिने एका अनोळखी बाईला सांगितलं आणि पाठ फिरवून चालू लागली. आळ घेतला त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी म्हणेनच. पण म्हाताऱ्या माणसांना धाक घालू नका. हातचं सगळं जाईल या भीतीने ती खोटं बोलतात, आणि मग त्यांना सांभाळणाऱ्यालाच ती आधी टाकून देतात.

बाईंच्या हातात मी त्या दोघींच्या मागोमाग चढत होते. पहिल्या पायऱ्या आल्या. इंगाची डावी काठी पायरीच्या बाहेर, हवेतच गेली. तिने कशीबशी उजवीवर तोल सावरला आणि कॅरिनला कळू नये म्हणून मोठ्याने खोकली. कॅरिन पुढे बोलत चालली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.