मेथीच्या वावरातले खड्डे

मी गोरक्ष, ठेकेदार छायाताईंचा मुकादम. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो.

अठ्ठ्याण्णव साली पंचवटीच्या पुढं पाण्याच्या टाकीचं काम ताईंनी घेतलं. खात्याच्या आहेर इंजिनिअरनं चाचणीचे खड्डे घेऊन 'सगळीकडे मुरूम' असं लिहून दिलेलं. आम्ही खणायला घेतलं तर काय, खाली काळा पाषाण! कुदळीतून ठिणग्या उडायला लागल्या. काम रखडलं, मुदत उलटली, आणि खातं म्हणतं, "जागा बघूनच सही केलीत ना? आता तुम्हाला काळ्या यादीत टाकतो." त्या यादीत गेलं की सरकारी काम कायमचं बंद. ताईंनी शून्यातून उभं केलेलं नाव हो ते! शेवटी प्रकरण लवादापुढं गेलं.

जमीन आधी मालनबाईंची. त्या एकदा सहज बोलून गेल्या, "खड्डे समदे बांधाकडंच घेतले की. माझी मेथी उभी हाय, तुडवू नका, म्हणून आहेर साहेबांच्या पाया पडले. देवमाणूस, ऐकलं त्यांनी."

मी उडालोच. "ताई, सापडला! खोटा अहवाल दिला म्हणून ठोका. आहेर घरीच बसतो बघा!" वकिलांचंही तेच मत.

"मेथी वाचवली म्हणून त्याची नोकरी घालवू? माझ्याच्यानं नाही व्हायचं," ताई म्हणाल्या. मालनबाईंना साक्षीलासुद्धा बोलावू दिलं नाही. मनात म्हटलं, झालं! ही बाई स्वतः बुडणार आणि आम्हालाही बुडवणार.

सुनावणीला ताई स्वतःच उठल्या. समोर आहेर, मान खाली घालून.

"साहेब, एकच विचारते. खड्डे घेतले तेव्हा वावरात काय उभं होतं?"

'आठवत नाही' म्हणाले असते, तर आमचा खेळ खलास होता. आहेरांनी घाम पुसला. आपल्या वरिष्ठांकडं बघितलं. मग ताईंकडं.

"मेथी," ते म्हणाले. "उभ्या पिकात कुदळ घालवेना. खड्डे मी एका कडेलाच घेतले, अहवालात मात्र सगळ्या वावराचं लिहिलं. खाली पाषाण आहे हे यांना कळणं शक्यच नव्हतं."

तिथंच ताईंचं नाव वाचलं. काय बाई आहे राव!

बाहेर आहेर एकटेच उभे होते. खात्याचं कुणी त्यांच्याशी बोलेना. ताई सरळ त्यांच्याकडं गेल्या. "चला, गाडीत बसा. घरी जेवूनच जा."

गाडीत ताईंच्या शेजारची जागा रोज माझी असते. त्या दिवशी मी दार उघडून आहेर साहेबांना तिथं बसवलं, आणि स्वतः मागं बसलो.