बाळाचं लाल वर्तुळ

रविवारी संध्याकाळी पेणकरपाड्यातल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चपलांचा असा खच पडायचा, की वर राहणाऱ्यांना भिंतीला अंग घासत जावं लागे. काशीगावातून माणसं रिक्षा करून येत, हाटकेशच्या कारखान्यांतली पाळी बुडवून येत. आणि आत होतं काय? एक टीव्ही, त्यावर क्रिकेटचा व्हिडिओ गेम आणि तो खेळणारा बंटी. हसू नका. त्या टीव्हीतून बंटीचा मेलेला थोरला भाऊ बाळा कौल देत होता!

बाळा म्हणजे टेनिस बॉलच्या सामन्यांतला गाजलेला फलंदाज. हायवेवर अपघातात गेला. वर्षश्राद्ध होऊन गेलं आणि एका दुपारी बंटी नवीन आणलेला गेम लावून बसला. येईल त्या बॉलला सिक्स! आई, मंदा, स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. "अरे, हा तर माझ्या बाळाचा फटका!"

झालं! दुसऱ्याच दिवशी देवाचं करणारे राघोबुवा दारात हजर. ही सगळी मंडळी मूळची रत्नागिरीकडची. गावी देवाला पाकळ्या लावून कौल मागायची रीत आहे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. राघोबुवांनी ती रीत सरळ टीव्हीला जोडून टाकली. सिक्स गेला की उजवा कौल, विकेट पडली की डावा.

धूप फिरवत ते गाऱ्हाणं घालायचे, "बा बाळा म्हाराजा! तू पिचचा राजा, तू बाउंड्रीचा राखणदार!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली ओरडे.

"ह्या लेकराची सोयरीक जुळणार असंल, तर एक सणसणीत सिक्स मारून दाखव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपेपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटायचे. उघड्या डोळ्यांसमोर बाळाला लाज वाटते म्हणे! मैदानात हजार माणसांसमोर खेळताना वाटली नाही ती. डोळे उघडले की पिचवर, बॉल पडणार नेमका तिथे, आधीच एक लाल वर्तुळ उमटे. "आला! बाळाचं तेज आलं!" म्हणून बायका हात जोडत आणि बॉल प्रेक्षकांत जाऊन पडे. वर्तुळ उमटलं नाही, तर बाळा रुसला असं समजायचं. मग दांडी गुल. बिनलग्नाच्या पोरांना मात्र कौलाला सक्त बंदी होती, त्यांचं काही असलं तर आईबापांनी येऊन विचारायचं. का, ते राघोबुवांनाच ठाऊक.

या गर्दीला चहा करून घालायचं काम बाळाच्या बायकोकडे, संजनाकडे. ती शिकलेली नर्स. नाशिकच्या एका दवाखान्यात तिला कायमची नोकरी मिळत होती, राहायला खोली मिळत होती. मुलीला, कृतिकाला, घेऊन तिला जायचं होतं. तिनं सासूला सांगितलं.

"मी कोण सांगणार? बाळाला विचार," मंदा म्हणाली.

बाळाला विचारलं. वर्तुळ नाही, दांडी गुल. पुढच्या रविवारी परत विचारलं. पुन्हा तेच.

जिवंत नवऱ्याशी भांडता तरी येतं. मेलेल्याशी भांडायचं कसं? जिन्यात शेजारणी अडवायच्या, "नवऱ्याचा शब्द मोडू नकोस हां." वाणी सुट्टे पैसे देता देता समजूत घालायचा, "भाभी, भाई ने मना किया है ना?" घराचं दार उघडंच होतं, पण तिला बाहेर पडायला वाट नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचाही अर्धामुर्धा विश्वास बसला होता. बाळाच्या फोटोकडे बघून ती चिडायची, 'कॉलेजला सोडायला तूच यायचास ना रे? मग आता का अडवतोस?'

शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. सोमवारी नाशिकला हजर व्हायचं, नाहीतर नोकरी दुसरीला जाणार. संजनानं टीव्ही लावला, रिमोट हातात घेतला आणि स्वतःच बाळाला विचारलं. आऊट. परत आऊट. बॉल दिसायच्या आत दांडी उडत होती. रडवेली होऊन ती बटणं दाबत सुटली, तर एक पाटी उघडली. खेळ किती अवघड हवा? ईझी, मिडियम, हार्ड. खूण हार्डवर होती, मागच्या रविवारच्या तिच्याच प्रश्नापासून.

तिनं ईझी केलं. बॉलर आला आणि पिचवर लाल वर्तुळ उमटलं. बाळाचं तेज! तिनं नुसतं बटण दाबलं. सिक्स.

ती आधी हसली, मग फोटोसमोर बसून हमसाहमशी रडली. इतके दिवस त्या बिचाऱ्यावर उगाच राग धरला होता.

रविवारी गाऱ्हाणं सुरू झालं आणि संजना चहाचा ट्रे ठेवून पुढे आली. "बुवा, थांबा. आज आई खेळतील."

"मी?" मंदा दचकली. तिनं जन्मात रिमोट धरला नव्हता.

"बॉल आला की हे बटण दाबायचं, बस्स." संजनानं ईझी लावून रिमोट तिच्या हातात दिला. वर्तुळ उमटलं. मंदानं घाबरत बटण दाबलं. सिक्स!

"आला! माझा बाळा माझ्या हातात आला!" मंदा ढसाढसा रडायला लागली.

"व्हय म्हाराजा!" खोली दुमदुमली. राघोबुवांनी संधी साधली, "बघा! म्हाराजा आता आईच्या अंगात आला!"

संजना उघडं पाडायला गेली, तर चमत्कार दुप्पट झाला होता! पण आता मागे फिरणं नव्हतं.

"सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा," ती ओरडली. "बुवा, आता तुम्ही घ्या रिमोट. आणि ही पाटी बघा सगळ्यांनी. मी हार्ड करतेय."

वर्तुळ नाही. बुवांची दांडी गुल.

"रुसला," बुवा पुटपुटले.

"रुसला? थांबा, ईझी करते." वर्तुळ. सिक्स. "हार्ड." दांडी गुल. "ईझी." सिक्स.

मागून एक म्हातारा म्हणाला, "च्यायला, सुनबाई बोलावेल तसा येतोय-जातोय!" कुणीतरी फिसकन हसलं.

बंटीनं मान खाली घातली. "आई, मीच बदलायचो. तुम्ही डोळे मिटलेत की. कुणाला काय कौल द्यायचा ते बुवा आधी सांगायचे. पोरांना गेम कळतो, म्हणून त्यांना आत घेत नव्हते. नवीन गेम ईझीवरच सुरू होतो गं... त्या दिवशी तू वर्षानं पहिल्यांदा हसलीस. मग खरं सांगायची हिंमतच झाली नाही."

राघोबुवा चपला शोधू लागले. त्या ढिगात त्यांना लवकर सापडेनात.

"ज्यांनी ज्यांनी इथल्या कौलावरून सोयरीक मोडली, औषध थांबवलं, त्यांनी उद्याच्या उद्या नीट चौकशी करा," संजना म्हणाली. "जाणकाराला विचारा, डॉक्टरला विचारा. कुणी डोळे मिटायला सांगितले, तर तेव्हाच ते उघडे ठेवा. बटण कुणाच्या हातात आहे ते बघा. माझा नवरा चांगला होता. त्यानं कधीच कुणाला अडवलं नाही."

माणसं हळूहळू निघून गेली. मंदा रिमोट मांडीवर घेऊन तशीच बसून होती.

"म्हणजे बाळानं नाय म्हटलंच नव्हतं?"

"बाळा काहीच म्हणाला नाही, आई."

"मग तू मला सरळ का नाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बाळाला विचार."

मंदानं रिमोट बाजूला ठेवला. बराच वेळ ती पदरानं डोळे पुसत राहिली.

"आता मी विचारते. तुला जायचंय?"

"हो."

"पोरीला घेऊन?"

"हो, आई."

"जा मग. पण रोज फोन कर," मंदा म्हणाली. "मला कुणाशीतरी बोलायला लागतं गं."