रविवारची आई

दादाने पेनड्राइव्ह खोचला तसा जुना कॉम्प्युटर दम लागल्यासारखा घरघरला. ‘आज आहे, उद्या नाही. महत्त्वाचं तेवढं काढून घ्या,’ असं दुरुस्तीवाला सकाळीच सांगून गेला होता. महत्त्वाचं काय, ते दादा ठरवत होता. धाकटी बहीण मागे उभी होती. खुर्ची एकच होती.

घराची कागदपत्रं झाली. दादाच्या मुलांचे फोटो झाले. मग आईचं फोल्डर उघडलं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

परगावच्या दादाशी आई दर रविवारी कॉम्प्युटरवर बोलायची. धाकटीनेच ती बोलणी जपून ठेवली होती. दादाने एक लावलं. “जेवलास का रे राजा? माझी काळजी नको करू. ती आहे ना करायला.”

दादाने डोळे पुसले.

दुसऱ्या फाईलमधून मात्र किंचाळणं आलं. “चोरटे! माझ्या बांगड्या विकून खाल्ल्यास! कोण गं तू? चालती हो माझ्या घरातून!” मागे वाटीत चमचा वाजत होता, आणि धाकटीचा आवाज, “एवढा एक घास घे.”

दादाने घाईने बंद केलं.

“हे कशाला ठेवलंस?”

“डॉक्टरांना ऐकवायला. असल्याच आहेत बाकीच्या.”

“मग आता काय उपयोग? आजार होता तो. आपली आई सोन्यासारखी होती गं.”

“हो,” ती म्हणाली. “रविवारी.”

दादाचं लक्ष नव्हतं. रविवारची सगळी बोलणी उतरल्यावर त्याने पेनड्राइव्ह खिशात टाकला.

“चला, आई आली सगळी,” म्हणत तो बूट घालायला बाहेर गेला.

ती खुर्चीत बसली. मोबाइलची वायर जोडून एकेक फाईल उघडू लागली. ए बाई. चोरटे. कोण गं तू. शेवटी तिच्या नावाची एक सापडली.

“चिमे, सटवे, मेलीस का कुठे? किती हाका मारायच्या?”

तिने तेवढीच निवडली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

“अगं, बंद कर ना ते!” बाहेरून दादा ओरडला. “ऐकवत नाही.”

तिने आवाज वाढवला.